पेपरात मुलींना फी माफ, खिडकीवर १,४४,२०० रुपये. कर्ज किती काढायचं?

दिघ्याची आई (प्रश्न)

नमस्कार. रात्रीचे साडेअकरा झालेत. उद्याच्या डब्यांची भाजी चिरून ठेवली आणि आता लिहायला बसले. लिहिताना काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही दिघ्याला राहतो, मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात. मिस्टर महापे एमआयडीसीत एका कंपनीचा टेम्पो चालवतात. मी घरून चौदा डबे करते, ऐरोलीत नोकरी करणाऱ्या मुलामुलींसाठी. दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न सव्वाचार लाख आहे, तहसीलचा दाखलाही तेवढ्याचाच. धाकटा मुलगा नववीत आहे.

मुलीला दुसऱ्या कॅप राउंडला (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीत) नवी मुंबईतल्या एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनीअरिंग मिळालं. आम्ही कुणबी, ओबीसीतून प्रवेश आहे. जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन-क्रीमीलेअर सगळं जागेवर आहे, त्यासाठी मागच्या वर्षी मी ठाण्याला किती खेपा घातल्या ते माझं मला माहीत. जागा घेतल्याचे एक हजार ऑनलाइन भरले आणि काल आम्ही दोघी कॉलेजात गेलो.

खिडकीवर हा कागद मिळाला:

ट्यूशन फी १,२०,०००
डेव्हलपमेंट फी १८,०००
विद्यापीठ व इतर ४,२००
अनामत २,०००
एकूण १,४४,२००

मी म्हटलं, अहो, मुलींची फी माफ झाली ना? पेपरात वाचलं, टीव्हीवर ऐकलं. खिडकीतले म्हणाले, आता पूर्ण भरा, शिष्यवृत्ती आली की तुम्हाला परत मिळेल. गुरुवारी पाचपर्यंत वेळ आहे. मागे रांग होती, मी बाजूला झाले.

गेटबाहेर एक टेबल मांडलंय. तिथला मुलगा म्हणाला, काकू, आधार-पॅन द्या, दहा मिनिटांत मंजूर करतो, बारा हप्ते, शून्य व्याज. बारा हप्ते म्हणजे महिन्याला बारा हजार. आमचं घरभाडंच साडेसात आहे.

दीर म्हणतात, एकदाच सहा लाखांचं कर्ज काढून टाका, चार वर्षं डोक्याला ताप नाही, फेडायचं नंतर आहे. माझा भाऊ म्हणतो, कर्ज काढायचंच आहे तर ह्या कॉलेजपेक्षा मोठ्या कॉलेजात संस्थेच्या कोट्यातली जागा बघू, त्याची ओळख आहे. माझ्याकडे भिशीचे ३८ हजार आहेत आणि दोन तोळ्यांच्या पाटल्या. मिस्टरांचा पूर्वी स्वतःचा टेम्पो होता. २०२० मध्ये धंदा बंद पडला तेव्हा त्याचे हप्ते थकले, २०२२ ला सगळं फेडलं. त्यामुळे बँक आम्हाला दारात उभी करेल का, हीही धास्ती आहे.

मुलगी काल बसमध्ये म्हणाली, आई, नको, मी बीएस्सी करते. खिडकीबाहेर बघत म्हणाली. ते काही मला सहन झालं नाही.

कोणीतरी नीट समजावून सांगा. गुरुवारी काय करू? आणि कर्ज काढायचं तर किती?

---

निवृत्त बँकवाला, नेरूळ

ताई, आधी गुरुवारचं बोलू. कर्जाचं त्यानंतर.

मी सरकारी बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली ११ वाशीला कर्जाच्या टेबलावर. जून ते सप्टेंबर माझ्यासमोर तुमच्यासारखेच आईबाप बसलेले असायचे, हातात कॉलेजचा असाच कागद घेऊन. त्यातले निम्मे तरी गरजेपेक्षा जास्त रक्कम मागायचे, कारण शेवटच्या आकड्याच्या वरच्या ओळी त्यांना कोणी वाचून दाखवलेल्याच नसायच्या. आपण त्या वाचू.

राज्य सरकारचा शासन निर्णय ८ जुलै २०२४ चा आहे. पालकांचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काचा १०० टक्के लाभ मिळतो. पूर्वी तो ५० टक्के होता. अट अशी की प्रवेश कॅपमधून झालेला हवा. तुमची मुलगी ह्यात पूर्ण बसते.

पण ‘शिक्षण शुल्क’ म्हणजे तुमच्या कागदावरची पहिली ओळ, ट्यूशन फी. खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं, त्यात ट्यूशन आणि डेव्हलपमेंट असे दोन भाग असतात. दुसरा भाग माफीत येत नाही, अनामतही येत नाही. पेपरात ‘मोफत’ एवढाच शब्द छापून येतो आणि खिडकीवर आई गोंधळते. ह्यात तुमची काही चूक नाही.

म्हणजे १,४४,२०० मधले १,२०,००० सरकारने द्यायचे आहेत. तुमच्या वाट्याला राहतात २४,२००. पुढच्या वर्षांत अनामत नाही, म्हणून २२,२००. चार वर्षांचे मिळून ९०,८००. फी थोडीफार वाढेल, तरी लाखाच्या आसपासच. दिरांच्या सहा लाखांशेजारी हा आकडा ठेवून बघा.

आता खिडकी. माफीची रक्कम पात्र विद्यार्थ्यांकडून प्रवेशाच्या वेळी मागू नये, असं सरकारने कॉलेजांना कळवलेलं आहे. तरी कॉलेजं मागतात. सरकारकडून पैसे उशिरा येतात आणि त्यांनाही दर महिन्याला पगार करायचे असतात, ही त्यांची अडचण मी समजू शकतो. पण ती तुमच्या पाटल्यांवर भागवायची नाही. खिडकीशी वाद घालू नका, तिथल्या माणसाच्या हातात काही नसतं. प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहा: मुलीचं नाव, कॅपचा अर्ज क्रमांक, प्रवर्ग, शासन निर्णयाची तारीख, आणि ‘महाडीबीटीवर (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) अर्ज करत आहोत, ट्यूशन फी वगळून उरलेली रक्कम आज भरायला तयार आहोत, काही कारणाने लाभ नामंजूर झाला तर रक्कम भरू’ असं हमीपत्र. दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर आवक शिक्का घ्या. शिक्का मारलेल्या कागदाला उत्तर द्यावं लागतं, तोंडी बोलण्याला लागत नाही. बुधवारीच जा, गुरुवारची वाट पाहू नका. तरीही ऐकलं नाही तर तंत्रशिक्षण विभागाचं मुंबई विभागीय कार्यालय वांद्रे पूर्वेला खेरवाडीत शासकीय तंत्रनिकेतनात आहे, तिथे हाच अर्ज घेऊन जायचं.

एक मात्र कळकळीने सांगतो. गुरुवारी चार वाजेपर्यंत काहीच हललं नाही तर जागा सोडू नका. गेटवरच्या टेबलाकडेही जाऊ नका. पाटल्यांवर सरकारी बँकेतून सोनेतारण कर्ज घ्या, ते त्याच दिवशी मिळतं. पैसे भरा, प्रत्येक रुपयाची पावती घ्या आणि परताव्यासाठी लेखी मागणी त्याच दिवशी द्या. दागिना परत येतो, कॅपची जागा परत येत नाही.

गेटवरचं ‘शून्य व्याज’ म्हणजे काय तेही सांगतो. त्यात प्रक्रिया शुल्क असतं, हप्ता पुढच्याच महिन्यापासून चालू होतो, आणि कर्ज मुलीच्या नव्हे, तुमच्या नावावर असतं. शैक्षणिक कर्जाचा जो मुख्य फायदा, शिकत असताना हप्ता नाही, तोच त्यात नसतो. एक हप्ता चुकला की दंड, आणि मिस्टरांच्या क्रेडिट अहवालावर पुन्हा डाग.

भावाला सांगा की प्रेमाने सांगतोय हे कळतं, पण संस्थेच्या कोट्यातून प्रवेश घेतला की ही माफी संपली. आज तुमचे वर्षाला १,२०,००० वाचताहेत, तिकडे एक रुपयाही वाचणार नाही.

कर्जाचं उद्या सविस्तर लिहितो. डोळे शिणलेत.

---

थर्ड इयर, घणसोली

काकू, मी आयटीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, ओबीसीच, मुलगा म्हणून मला अर्धी ट्यूशन फी माफ आहे. वरचे काका बोलले ते बरोबर. मी महाडीबीटीचं सांगतो, कारण माझे त्यात एक वर्षाचे पैसे गेलेत.

पहिल्या वर्षी मी अर्ज बरोबर भरला. मंजूर झाला, मित्रांचे पैसे आले, माझे नाहीत. कॉलेजमध्ये विचारलं तर ते म्हणाले पोर्टल दाखवतंय जमा झाले. दोन महिने मी पासबुक भरून भरून बघितलं. शेवटी कळलं की नवीन सिमकार्ड घेताना दुकानदाराने एक खातं उघडून दिलं होतं, मी न वाचता अंगठा दिला होता, आणि माझं आधार त्या खात्याला जोडलं गेलं. सरकारी पैसा आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातो, फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात नाही. पैसे तिथे पडून होते. ते मिळाले तरी. म्हणून आज रात्रीच माय-आधारच्या साइटवर तिच्या आधारने लॉगिन करून बँक सीडिंग बघा. कुठली बँक दिसते? तिचं नेहमीचं खातं नसेल तर त्या शाखेत जाऊन आधार जोडायचा फॉर्म भरा, दोन-चार दिवस लागतात. आधारला मोबाइल तुमचा आहे की तिचा, तेही बघा. प्रत्येक पायरीला ओटीपी येतो, माझ्या बाबांचा मोबाइल कामावर असायचा आणि मी सायबर कॅफेत बसून राहायचो.

दुसरं, माझी मोठी चूक. दुसऱ्या वर्षी मला वाटलं एकदा मंजूर झालं म्हणजे चालूच राहणार. तसं नाही. दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं. मी परीक्षेच्या गडबडीत ती तारीख घालवली. त्या वर्षीची पूर्ण फी आईने भरली, एका पतसंस्थेतून कर्ज काढून. ती मला एक शब्द बोलली नाही. ते कर्ज अजून चालू आहे. काकू, तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, मोबाइलवर नको.

अर्ज करताना कॅपचा क्रमांक टाकला की बरीच माहिती आपोआप येते. तिथे प्रवर्ग, कॉलेज, शाखा, फी नीट जुळतेय का बघा, एक अक्षर चुकलं की कॉलेजच्या पातळीवर अर्ज परत येतो आणि परत आलाय हे कोणी फोन करून सांगत नाही. आठवड्यातून एकदा लॉगिन करायचं. मंजूर झाल्यावर ‘रिडीम’ असं बटण येतं, ते तिलाच दाबावं लागतं. माझ्या वर्गातल्या दोघांनी ते दाबलंच नव्हतं, मंजूर होऊन तसंच पडलेलं.

माझ्या वेळी रक्कम दोन हप्त्यांत आली आणि मी ती कॉलेजला भरली. आली की लगेच भरायची. घरात खर्च झाली की वर्षअखेरीस हॉलतिकीट अडतं.

आणि काकू, तिला सांगा बीएस्सीचा विचार सोड. माझी आईपण पोळ्या लाटते.

---

खारघरकर बाबा

मध्येच विचारतो, माफ करा. आम्ही खारघरला. उत्पन्नाचा दाखला ठाण्याहून की पनवेलहून? आणि माझं उत्पन्न ११ लाख आहे, मुलगा खुल्या प्रवर्गातून, व्यवस्थापन कोट्यात. आम्हाला काहीच नाही का?

---

निवृत्त बँकवाला, नेरूळ

खारघर पनवेल तालुक्यात, म्हणून पनवेल तहसील. दिघा, ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर हे ठाणे तालुक्यात. सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून अर्ज होतो. दाखल्यावरची वैधतेची तारीख बघून घ्या, चालू आर्थिक वर्षाचा दाखला लागतो.

११ लाखांवर आणि व्यवस्थापन कोट्यात फी माफी नाही. तुमच्यासाठी साधं शैक्षणिक कर्ज. त्यातही कोट्याच्या जागेला बँकेची योजना कितपत चालते ते शाखेत आधी विचारा, नंतर कॉलेजला पैसे भरा. आणि तुम्ही जुन्या कररचनेत असाल तरच प्राप्तिकरात व्याजाची वजावट मिळते, आठ वर्षांपर्यंत, रकमेची मर्यादा नाही. मुद्दलाची नाही. नव्या कररचनेत ती नाही.

आता दिघ्याच्या ताईंसाठी.

दिरांचं म्हणणं ‘फेडायचं नंतर आहे’ इथे अडतं. हप्ता नंतर असतो, व्याज मात्र पैसे बँकेतून बाहेर पडल्या दिवसापासून चालू असतं. बँका ह्याला मोरॅटोरियम म्हणतात, शिक्षणाची वर्षं आणि वर एक वर्ष. ह्या काळात व्याज सरळव्याजाने चढतं आणि हप्ता सुरू होताना मुद्दलात मिळवलं जातं.

समजा सहा लाख, वर्षाला दीड-दीड लाख असे चार वेळा उचलले, दर १० टक्के. पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचं व्याज ७५ हजार, दुसऱ्यावर ६०, तिसऱ्यावर ४५, चौथ्यावर ३०. एकूण २,१०,०००. म्हणजे मुलगी नोकरीला लागून पहिला हप्ता भरायला येईल तेव्हा वहीत सहा नव्हे, ८,१०,००० लिहिलेले असतील. दहा वर्षांत फेडायचे तर महिना साधारण १०,७००. एकूण भरणा १२ लाख ८४ हजारांच्या घरात.

तेच व्याज शिकतानाच भरत गेलात तर पहिल्या वर्षी महिन्याला १,२५०, दुसऱ्या वर्षी २,५००, मग ३,७५०, मग ५,०००. हप्ता सुरू होताना मुद्दल सहा लाखच राहतं आणि हप्ता ७,९३० च्या आसपास. सगळं मिळून सव्वा लाख वाचतात. शिकताना नियमित व्याज भरणाऱ्याला दरात १ टक्क्यापर्यंत सवलत द्यायचीही तरतूद असते, ती शाखेत मागून घ्या. न मागता मिळाल्याचं मी फार थोड्या वेळा पाहिलंय.

पण तुम्हाला सहा लाख नकोतच. तुमची गरज फीपोटी लाखाच्या आसपास, आणि बहुधा एक लॅपटॉप. अभ्यासाला लागणारा संगणक, पुस्तकं, परीक्षा फी, अनामत हे सगळं शैक्षणिक कर्जात धरता येतं, अनामतीवर मर्यादा असते. दोन लाखांची मंजुरी घ्या आणि लागेल तेवढेच उचला. मंजूर रकमेवर व्याज नसतं, उचललेल्या रकमेवर असतं. ४ लाखांपर्यंत बँकेने तारण मागायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि तेवढ्यापर्यंत स्वतःचा हिस्सा घालायचीही अट नसते. साडेसात लाखांपर्यंत सरकारच्या पतहमी निधीचं संरक्षण आहे, तिथेही तारण नको. त्यापुढे घर, ठेव असं काही लागतं. भारतातल्या शिक्षणासाठी सरकारी बँका सहसा प्रक्रिया शुल्क घेत नाहीत, आणि मुदतीआधी फेडलं तर दंड नाही.

शाखेत ‘तुमचं घर आमच्या हद्दीत नाही’ म्हणाले तर तेवढ्या कारणाने अर्ज नाकारता येत नाही. तोंडी नकार घेऊन परत येऊ नका. विद्यालक्ष्मी पोर्टल २०१५ पासून आहे, तिथून अर्ज केला की त्याची नोंद राहते आणि नाकारायचं तर बँकेला कारण द्यावं लागतं.

केंद्राची पीएम-विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. त्यात विनातारण, विनाजामीन कर्ज मिळतं, पण निवडक संस्थांमधल्या विद्यार्थ्यांनाच. तुमचं कॉलेज त्या यादीत आहे का, पोर्टलवर बघा. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर मोरॅटोरियमच्या काळात व्याजात ३ टक्के सवलत त्यात आहे, मात्र दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्याला ती मिळत नाही. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असेल तर त्या काळातलं सगळं व्याज केंद्र भरतं अशी जुनी योजनाही आहे, तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी. तुमचं उत्पन्न तिच्यात बसतं. पण फी माफी घेताय हे बँकेला अर्जातच सांगा आणि दोन्ही एकत्र चालतं का ते लेखी विचारा. एकच निवडायची वेळ आली तर क्षणभरही विचार करू नका, फी माफी घ्या. एकीकडे चार वर्षांचे ४,८०,००० आहेत, दुसरीकडे लाखभर कर्जाचं काही हजार व्याज.

ओबीसी महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजनाही आहे, भारतात शिकणाऱ्यांसाठी १० लाखांच्या कर्जापर्यंत. हप्ते नियमित भरले तर व्याजाचा परतावा मिळतो. जिल्हा कार्यालयात चौकशी करा. नवी मुंबई महापालिकेचा समाजविकास विभागही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देतो, दिघा पालिकेच्या हद्दीतच आहे. रक्कम छोटी असली तरी बसचा पास निघेल.

मिस्टरांचं. वर्षातून एकदा क्रेडिट अहवाल फुकट मिळतो, तो काढा. टेम्पोचं कर्ज ‘बंद’ दिसतंय का ‘सेटल’, ते बघा. ‘सेटल’ म्हणजे बँकेने काही रक्कम सोडून खातं मिटवलं, ती नोंद त्रास देते. पूर्ण फेडलं असेल आणि तरी तसं दिसत असेल तर ना-हरकत पत्र जोडून दुरुस्ती मागा. सहकर्जदार म्हणून वडीलच हवेत असं नाही. तुमचं डब्यांचं उत्पन्न खात्यातून दिसत असेल तर तुम्हीही होऊ शकता. डब्यांचे पैसे यूपीआयने घेता की रोख?

---

कोपरी, ठाणे पूर्व

ताई, काकांनी आकडे सांगितले. मी आमच्या घरात झालं ते सांगते, कारण मला तेव्हा हे सांगणारं कोणी नव्हतं.

मुलाला २०१४ मध्ये प्रवेश मिळाला, साडेतीन लाखांचं कर्ज घेतलं, यजमान सहकर्जदार. २०१८ ला तो पास झाला. चौदा महिने नोकरी नाही. हप्ते सुरू झाल्याचं पत्र आलं तेव्हा मी ते देवघराच्या कपाटात ठेवलं. खरंच तसंच केलं. वाटलं पुढच्या महिन्यात लागेल नोकरीला, मग भरू. बँकेचा फोन आला की तो बाहेर निघून जायचा. नव्वद दिवस हप्ता गेला नाही की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज होतं, हे आम्हाला नंतर कळलं. पुढे मुलीच्या लग्नानंतर आम्ही खोली घ्यायची म्हणून कर्जाला गेलो, तेव्हा यजमानांचा अर्ज नामंजूर झाला. कारण हेच. कर्ज मुलाचं, पण सही त्यांचीही होती.

शेवटी मीच शाखेत गेले. तिथल्या मॅडम म्हणाल्या, हप्ता सुरू व्हायच्या आधी आला असतात तर नोकरी नसल्याचं सांगून मुदत वाढवून दिली असती, हप्ता लहान केला असता. आम्ही तोंड लपवत होतो आणि तिथे मार्ग होता.

मुलगा आता चांगला कमावतो, २०२३ ला सगळं फिटलं. पण त्या दोन वर्षांत तो घरात जेवायला खाली मान घालून बसायचा ते मी विसरलेले नाही. म्हणून सांगते, मुलीला पहिल्या दिवसापासून सगळे आकडे दाखवा. सही तिची आहे. लपवलं की भीती वाढते, तिचीही आणि तुमचीही.

---

दिघ्याची आई

गुरुवार, रात्री दहा. आधी झालं ते सांगते.

अर्ज मुलीने लिहिला, काकांनी सांगितलं तसाच, शासन निर्णयाच्या तारखेसकट. बुधवारी मी डबे पोचवून आले आणि आम्ही दोघी गेलो. खिडकीवाल्यांनी घ्यायला नकार दिला, म्हणाले वर जा. वर दोन तास बसलो. प्राचार्य भेटले नाहीत, एक सर भेटले. त्यांनी वाचलं, म्हणाले, असं सगळेच लिहून देतात. मुलगी म्हणाली, सर, आम्ही ट्यूशन सोडून सगळं आज भरतोय, फक्त आवक शिक्का द्या. तिचा आवाज कापत होता पण ती बोलली. शिक्का मिळाला.

आज सकाळी त्यांचाच फोन आला. हमीपत्र साध्या कागदावर चालेल म्हणाले. डेव्हलपमेंट फी दोन भागांत द्यायला तयार झाले, आत्ता नऊ हजार, उरलेले दिवाळीनंतर. म्हणजे आज ९,००० आणि ४,२०० आणि २,०००, एकूण १५,२००. भिशीतून दिले. पावती घेतली, घरी येऊन तिचे दोन झेरॉक्स काढले. पाटल्या कपाटातच आहेत.

घणसोलीच्या दादा, तू सांगितलंस म्हणून बघितलं. तिचं आधार दहावीत शाळेने काढलेल्या खात्याला जोडलेलं निघालं, ते खातं दोन वर्षं बंद पडलंय. शनिवारी शाखेत जाऊन ते काम करतोय. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

कोपरीच्या ताई, तुमचं वाचून मिस्टर बराच वेळ गप्प बसले. मग उठून टेम्पोच्या कर्जाची फाइल माळ्यावरून काढली. ना-हरकत पत्र त्यात आहे.

काका, डब्यांचे पैसे आठ जण यूपीआयने देतात, सहा जण रोख. त्या सहांना सांगितलंय की ह्या महिन्यापासून खात्यावरच टाका. एकाने लगेच टाकलेसुद्धा. सोमवारी ऐरोलीच्या शाखेत जायचं ठरलंय, दोन लाखांच्या मंजुरीसाठी. लॅपटॉपचं कोटेशन दुकानातून आणलं, ४४ हजारांचं. व्याज शिकतानाच भरायचं असंही ठरलं, पहिल्या वर्षी महिन्याला पावणेसहाशेच्या आत येतंय असं मुलीने काढलंय. तेवढं मी एका डब्यातून काढीन. बरोबर आहे का हिशेब? ती वही घेऊन समोर बसलीय, तुमच्या उत्तराची वाट बघतेय. शाखेत तीच बोलणार म्हणते, मी नुसतं सोबत यायचं.

---

निवृत्त बँकवाला, नेरूळ

४४ हजारांचा लॅपटॉप आणि ह्या वर्षीची २४,२०० फी धरून ६८,२०० उचल होते. १० टक्क्यांनी वर्षाचं व्याज ६,८२०, महिन्याला ५६८. तिचा हिशेब बरोबर आहे.

सोमवारी जाताना कॅपचं अलॉटमेंट पत्र, आजची पावती, शिक्का असलेला अर्ज, कॉलेजच्या लेटरहेडवर चार वर्षांच्या फीचा तपशील, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, तिघांचे आधार-पॅन, उत्पन्नाचा दाखला, ना-हरकत पत्र आणि तुमच्या खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट घ्या. फीचा तपशील शुक्रवारीच कॉलेजातून मागून घ्या, त्याला वेळ लागतो. साडेदहाला पोचा, अकरानंतर टेबलावर गर्दी होते.